कंट्रोलर रजेवर

बसडेपोच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसाला गाडी चालवता आली नाही तरी चालतं. कोणती गाडी कोण नेणार, तो आला नाही तर कोण, आणि तोही आला नाही तर कोणाला घरून उठवायचं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं असावं लागतं. बाईंनी सगळी नोकरी या एका टेबलावर काढली. रुजू झाल्या तेव्हा काठीच्या आधाराने चालत होत्या, निवृत्त झाल्या तेव्हा चाकाच्या खुर्चीत होत्या. स्नायू हळूहळू निकामी होत जाणार, हे डॉक्टरांनी विशीतच सांगितलं होतं. आजाराने घाई केली नाही आणि बाईंनीही त्याला फारसा भाव दिला नाही.

ड्रायव्हर त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘हेडमास्तर’. त्यांचे नियम दोनच. एक, प्रत्येक ड्युटीला स्पेअर माणूस हवा, म्हणजे ऐनवेळी उभा राहील असा. दुसरा, आपसात अदलाबदल चालणार नाही. ‘तू माझी सकाळ कर, मी तुझी संध्याकाळ करतो’ अशा ठरवाठरवीत एकदा दोघंही आले नाहीत आणि स्टॉपवरच्या लोकांनी डेपोवर मोर्चा आणला. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. जे काही असेल ते कंट्रोलला कळवायचं. बाकी कोणी कोणाला विचारायचं नाही.

घरही त्यांनी याच शिस्तीत बसवलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आई होती तोवर दोघी, नंतर एकट्या. उंबरे काढून टाकलेले, दिव्यांची बटणं खुर्चीत बसून हात पोचेल इतकी खाली आणलेली, स्वयंपाकाचा ओटा बुटका, नळाला लांब दांडी. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत छताला एक रूळ गेलेला. त्या रुळावरून विजेवर सरकणारा कापडी झोळा माणसाला उचलून नेतो. डेपोच्या वर्कशॉपचा फिटर बघायला आला, तेव्हा म्हणाला, “बाई, आमच्याकडे इंजिनं अशीच उतरवतात.”

“मला मात्र आधी विचारावं लागतं, कधी उतरायचंय,” बाई म्हणाल्या.

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हा त्यांचा स्वभाव. खांदे दगा देऊ लागणार हे दिसलं तेव्हा हात अजून वर जात होते. तेव्हाच त्यांनी माणसं शोधली. सकाळी उठवणं, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं यासाठी एक आयाबाई. आयाबाई इस्पितळाच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या, कमी बोलणाऱ्या. संध्याकाळचं जेवण आणि रात्री खाटेवर निजवणं दोन गल्ल्या पलीकडच्या शिंपिणीकडे. ती दिवसभर मशीनवर बसते आणि तोंडाची मशीनही चालूच ठेवते. या दोघींना स्पेअर म्हणून डेपोतल्या जुन्या कंडक्टर, ज्यांना सगळा डेपो मावशी म्हणायचा. मावशी निवृत्त झाल्यावर बाईंच्याच गल्लीच्या टोकाला राहायला आल्या होत्या. आठवड्यातून एकदा तरी त्यांना बोलावायचंच, म्हणजे हात चालता राहील, असं बाईंनी ठरवलं होतं.

सगळ्यांना एकच सूचना होती. अडचण आली तर मला फोन. आपसात नाही. आयाबाईंकडे शिंपिणीचा नंबर नव्हता आणि शिंपिणीकडे मावशींचा. तिघी एकमेकींना क्वचितच बघत. एक गेल्यावर दुसरी येई. व्यवस्था अशी घट्ट बसली होती की दुसऱ्या शहरात चष्म्याचं दुकान चालवणारा धाकटा भाऊ दर रविवारी फोन करी, तेव्हा बाईंना सांगायला काही नसे.

मग एका रात्री उशाशी ठेवलेला फोन घसरून खाटेखाली गेला. बाईंना आवाज आला. हात पोचायचा प्रश्नच नव्हता. त्यांना कुशीवर वळायलाही माणूस लागतो. सकाळी आयाबाई येईल, उचलून देईल, एवढंच त्यांनी मनाशी म्हटलं आणि डोळे मिटले.

सकाळी आयाबाईंना सणसणून ताप भरला होता. त्यांनी नियमाप्रमाणे कंट्रोलला फोन केला. खाटेखाली तो वाजला. बाईंनी ऐकला. पुन्हा वाजला. पुन्हा ऐकला. आयाबाईंनी ‘येऊ शकत नाही, बरं नाही’ असा निरोप लिहून पाठवला आणि गोळी घेऊन झोपल्या. त्यांनी कळवलं होतं. कळवल्यावर बाई पुढचं बघतात, हे त्यांना ठाऊक होतं. शिंपीण आपल्या मशीनवर होती. मावशी गल्लीच्या टोकाला मोकळ्या बसल्या होत्या, बाईंनी हाक मारली असती तर चप्पल घालेपर्यंत पोचल्या असत्या. पण हाक मारायचं काम एकाच माणसाकडे होतं, आणि ते माणूस पाठीवर पडून छताचा रूळ बघत होतं.

वरच्या मजल्यावरचे कामाला गेलेले, खिडक्या बंद. बाईंनी थोडा वेळ हाका मारल्या, मग घसा कोरडा पडेल म्हणून थांबल्या. संध्याकाळी शिंपीण किल्लीने दार उघडून आत आली, तेव्हा गादी ओली होती, ओठ सुकले होते, आणि पाठीवर लाल चट्टा उठला होता.

“फोन खाटेखाली आहे,” बाई म्हणाल्या. “आधी पाणी दे, मग आयाबाईला विचार, काय झालंय.”

शिंपिणीने पाणी दिलं, गादी बदलली, पाठ पुसली, आणि त्या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. ते बाईंना जास्त लागलं. मग तिने खाटेखालून फोन काढला आणि नियम मोडून पहिला फोन भावाला केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ दारात उभा. पन्नाशी उलटली तरी बाई त्याला छोटूच म्हणतात. त्याने खोलीत आल्या आल्या चष्मा काढून पुसला. राग आला की तो चष्मा पुसतो. बाई म्हणतात, पुसायचं फडकं दुकानातलंच असल्यामुळे त्याला फुकटात रागावता येतं.

“ताई, तुझ्या गळ्यातलं बटण कुठेय?” त्याने विचारलं. गेल्या वर्षी त्याने एक बटण आणून दिलं होतं. गळ्यात घालायचं, दाबलं की दोन फोनवर हाक जाते. ते दाराच्या खुंटीवर लटकत होतं.

“गाय हरवते म्हणून गळ्यात घंटा बांधतात. मी कुठे हरवणारेय?”

“काल हरवली होतीस. दिवसभर. कोणाला पत्ता नव्हता.”



मग भावाने खरं काय ते काढलं. त्याच्या शहरात त्याच्या घराजवळ एक निवासी केंद्र आहे. रात्रंदिवस माणसं, रुंद दारं, बागेकडे उघडणाऱ्या खोल्या. त्याने वर्षभरापूर्वीच बाईंचं नाव घालून ठेवलं होतं, न सांगता. आता एक खोली रिकामी झाली होती. पुढच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, नाहीतर ती रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

“मी बघून आलोय. वाईट नाही, ताई. स्वच्छ आहे. खिडकीतून झाडं दिसतात.”

“सकाळी कधी उठवतात?”

“ते... सगळ्यांना एकत्रच उठवत असतील.”

“आणि मला दुपारी बाहेर पडायचं असेल तर?”

“नोंद करावी लागते.”

“म्हणजे माझी ड्युटी दुसरं कोणी लावणार.”

“लावू दे की! तू जन्मभर दुसऱ्यांची लावलीस.” भावाचा आवाज चढला. “दर वेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. तू इथे राजेशाही थाटात राहतेस आणि मी तिकडे चष्म्याच्या काचा उलट्या बसवतो. तुझ्या भावजयीला विचार.”

हे खरं होतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. योजनेत त्यांनी भावाला कुठेच धरलं नव्हतं. त्याला त्रास नको म्हणून, असं त्या म्हणत. त्याला विचारावं लागू नये, हेही एक कारण होतं.

त्या संध्याकाळी आयाबाई तापातून उठून आल्या, चेहरा उतरलेला. शिंपीण होतीच. मावशींनाही कोणीतरी सांगितलं होतं. तिघी पहिल्यांदा एकाच वेळी त्या खोलीत होत्या. आयाबाई दाराशीच थांबल्या.

“मी कळवलं होतं, बाई.”

“कळवलं होतंस. चूक तुझी नाही. फोन पडला.”

“फोन पडतोच,” शिंपीण म्हणाली. कालचा उपास ती आज सोडत होती. “माझा तर रोज पडतो. पण बाई, मला एक सांगा. प्रत्येकीला तुम्ही स्पेअर ठेवलीत. तुमची स्पेअर कोण?”

“कंट्रोलरला स्पेअर नसतो.”

“मग तुम्ही रजेवर गेलात की डेपो बंद?”

“मी रजेवर जात नव्हते.”

मावशी खुर्चीवर बसून पाय चोळत होत्या. त्यांनी मान वर केली. “गेली होतीस एकदा. आई गेली तेव्हा.”

“तेव्हा हेड ऑफिसने माणूस पाठवला होता.”

“पाठवला होता. त्याला आपला कोणता ड्रायव्हर कुठल्या टोकाला राहतो तेसुद्धा माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी तो कपाळाला हात लावून बसला.”

“पण गाड्या तर सुटल्या. मी आल्यावर पाहिलं सगळं. एक फेरी चुकली नव्हती.”

“सुटल्या ना. आम्हीच सोडल्या. एकमेकांना फोन करून.”

 बाईंनी मान वळवता येईल तेवढी वळवली.

“आपसात?”

“आपसात.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“कोण सांगणार? तू आल्या आल्या विचारलंस, सगळं नियमाने झालं ना? सगळे म्हणाले, हो बाई. अळीमिळी गुपचिळी.” मावशींना हसू आवरेना. “त्या लाल गाडीवरचा मिशीवाला तर दोन घरं सोडून राहणाऱ्याला रोज पहाटे दार वाजवून उठवायचा. त्याची बायको विचारायची, हा नवा दूधवाला कोण.”

“कोण कोण होतं यात?” बाईंनी कडक आवाजात विचारलं.

“आता निम्मे निवृत्त झाले, निम्मे वर गेले. कोणाला मेमो देतेस?”

भाऊ चष्मा पुसायचं विसरून ऐकत होता. शिंपीण तोंडाला पदर लावून हसत होती. हसल्या नाहीत त्या फक्त बाई. इतकी वर्षं ज्या गोष्टीला त्यांनी बेशिस्त म्हटलं, तिच्यावर त्यांचा डेपो त्यांच्या सर्वांत वाईट दिवसांत चालला होता, आणि चांगला चालला होता.  मग त्या भावाला म्हणाल्या, “छोटू, सोमवारपर्यंत वेळ आहे ना?”

“आहे.”

“आजपासून मी रजेवर. तू कंट्रोल.”

“मी? मला काय कळतं त्यातलं?”

“हेड ऑफिसच्या माणसालाही कळत नव्हतं. तू तुझ्या दुकानातून कर. या तिघी एकमेकींचे नंबर घेतील, तुझा घेतील. मला कोणी काही विचारायचं नाही. सोमवारपर्यंत एक जरी फेरी चुकली, तर मी तुझ्या त्या झाडाच्या खिडकीत येऊन बसते. तोंडातून अवाक्षर काढणार नाही.”

“आणि नाही चुकली तर?”

“तर मी इथे राहणार, आणि तू पोटात गोळा आणायचा नाही.”

भावाने खुंटीवरचं बटण काढून बाईंसमोर धरलं. “हे घातलंस तर.”

“कुठे हरवणार नाही, तरी गळ्यात घंटा...” असं म्हणत बाईंनी मान पुढे केली.

पहिल्या दिवशी भावाने दुकानातून तिघींना इतके फोन केले, की शिंपिणीने त्याला सांगितलं, “दादा, तुमच्या फोनला उत्तर देण्यातच माझी एक बाही उलटी शिवली गेली.” दुसऱ्या दिवशी त्याने घोळ घातला. आयाबाईंना अजून अशक्तपणा असेल असं समजून मावशींना पाठवलं आणि आयाबाईंना नको म्हणायला विसरला. सकाळी दोघी दारात हजर. एकीने बाईंना साबण लावला, दुसरीने चूक काढली. “पाठीला असा चोळायचा नसतो, चट्टा आहे तिथे,” आयाबाई म्हणाल्या. “मग तुम्ही दाखवा ना, कसा ते,” मावशी म्हणाल्या. आयाबाईंनी दाखवलं. बाई झोळ्यात लोंबकळत दोघींचं ऐकत राहिल्या. आपल्या पाठीवर आपल्यादेखत चर्चा होते आहे आणि आपल्याला मत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता. दोन बायका एकीच्या कामाला, हा उधळेपणा त्यांनी डेपोत खपवून घेतला नसता. पण त्या दिवसानंतर तो चट्टा दोघींना सारखाच ठाऊक झाला.

शुक्रवारी शिंपिणीऐवजी संध्याकाळी मावशी आल्या. का, ते बाईंना कोणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “तू रजेवर आहेस,” आणि अंडी फोडायला गेल्या.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या भागाची वीज गेली. बाई न्हाणीघरातून परत येत होत्या, झोळा रुळावर मध्येच थांबला. जमिनीपासून हातभर वर, खाटेपासून दोन हात दूर. झोळ्याला हाताने सोडायची कळ आहे, पण ती घट्ट झाली होती आणि शिंपिणीच्या एकटीच्या जोराला हलेना. तिने मेणबत्ती लावली.

बाईंना काय करायचं ते माहीत होतं. वर्कशॉपचा फिटर. त्याला ही कळ कशी मोकळी करायची ते ठाऊक होतं, तो गाडीवर बसून लगेच आला असता. नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आला, पण आपण रजेवर आहोत म्हणून त्यांनी तो गिळला.

शिंपिणीने भावाला फोन लावला. “दादा, बाई अधांतरी आहेत.”

पलीकडून काहीतरी ओरडणं ऐकू आलं.

“नाही, नाही, बऱ्या आहेत. बोलत नाहीयेत, पण बघतायत माझ्याकडे. झोळा अडकलाय.”

भावाला फिटर सुचला नाही, कारण फिटर त्याला माहीतच नव्हता. त्याने मावशींना फोन केला. मावशींनी त्यांच्या इमारतीच्या वॉचमनला उठवलं. वॉचमनने समोरच्या भाजीवाल्याला सोबत घेतलं. भावाने आयाबाईंनाही कळवलं, आणि त्या फोनवरून दोघा पुरुषांना सांगत राहिल्या, “मानेखाली हात आधी. पायाला नंतर. ओढायचं नाही, उचलायचं.” भाजीवाला म्हणाला, “घाबरू नका आजी, रोज पोती उतरवतो.” बाई आजी म्हणण्याइतक्या म्हाताऱ्या नव्हत्या, पण त्यांनी तेही गिळलं. दोघांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मावशींनी मिळून त्यांना झोळ्यातून सोडवून खाटेवर ठेवलं. उशी तिरकी राहिली. चादर पायाशी गोळा झाली. दोन परके पुरुष खोलीत होते आणि बाईंच्या अंगावर फक्त टॉवेल होता, तो शिंपिणीने सगळा वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

सगळे गेल्यावर शिंपिणीने उशी सरळ केली. “फार उशीर झाला ना, बाई?”

“डेपोत याला चुकलेली फेरी म्हणत नाहीत,” बाई म्हणाल्या. “उशिरा सुटली म्हणतात.”

“मग रडताय कशाला?”

“मेणबत्तीचा धूर आहे.”

“असेल,” शिंपीण म्हणाली आणि मेणबत्ती लांब नेऊन ठेवली.

रविवारी भाऊ आला, तो येताना फिटरला घेऊनच. त्याचा पत्ता त्याने मावशींकडून काढला होता. फिटरने तेल घालून कळ मोकळी केली आणि एकीला नव्हे, तिघींना आळीपाळीने फिरवायला लावली. मग विजेशिवाय झोळा चालेल अशी बॅटरी कुठे मिळते ते भावाला समजावून सांगितलं. भाऊ मन लावून ऐकत होता. बाई खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होत्या. अजून एक रात्र बाकी होती, आणि केंद्राला उत्तर द्यायचं होतं.

फिटर गेल्यावर भाऊ समोर बसला. चष्मा पुसला, पण सावकाश.

“ताई, मला एक सांग. उद्या माझा फोन बंद पडला तर? मी आजारी पडलो तर? मलाही रक्तदाब आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझी स्पेअर कोण? मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण मला ऑर्डर सोडू नका. आणि माझी मुलगी म्हणते, आत्याचं मला करू द्या. तिला अजून दोन वर्षं तरी लांबून बघू दे, मग बघू. दहा वर्षांनी आपण दोघंही म्हातारे असणार. तेव्हाचं कोणीतरी आत्ता शिकायला हवं ना?”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाच्या पोटात गोळा येतो म्हणून त्यांनी त्याला सगळ्यातून बाहेर ठेवलं होतं. बाहेर होता म्हणून गोळा येत होता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. पण तसं बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“केंद्राला काय सांगायचं, ते उद्या सकाळी ठरवू,” त्या म्हणाल्या. “आजची रात्र अजून जायचीय. शब्द म्हणजे शब्द.”

“ते मी काल रात्रीच कळवलं. खोली नको म्हणून.”

“मला न विचारता?”

“तू रजेवर होतीस.”

 बाईंनी विचारलं, “नाव काढून टाकलंस?”

“नाही. रांगेत शेवटी टाकायला सांगितलंय. कधी तिथे जायचं झालंच, तर तू म्हणशील तेव्हा. पण काय झालं म्हणजे जायचं, ते तू मला आत्ता, शुद्धीवर असताना सांगून ठेव. नंतर मी अंदाज बांधत बसणार नाही.”

“घास गिळता येईना झाला तर,” बाई म्हणाल्या. या गोष्टीचा त्यांनी विचार केलेला होता, फक्त कोणापाशी बोलल्या नव्हत्या. “किंवा तुम्हा सगळ्यांना ओळखेनाशी झाले तर. त्याच्या आधी नाही. आणि हात गेले, आवाज गेला, तरी नाही.”

“ठीक.”

“ठीक काय? म्हणून दाखव.”

त्याने म्हणून दाखवलं. ‘ओळखेनाशी’ म्हणताना तो अडखळला. बाईंनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

संध्याकाळी तिघी पुन्हा आल्या. आता रात्रीचा प्रश्न उरला होता. इतकी वर्षं रात्री खोलीत कोणी नसायचं. कुशीवर वळवणारं माणूस रात्रीही लागणार, हे त्या लाल चट्ट्याने सांगितलं होतं. आयाबाईंनी वॉर्डातल्या एका जुन्या सहकारिणीला विचारून ठेवलं होतं. ती बुधवारी भेटायला येणार होती.

“मी बोलेन तिच्याशी,” बाई म्हणाल्या. “घोरते का, ते आधी विचारीन.”

“विचारा की,” आयाबाई म्हणाल्या. “पण निवड आम्ही सगळ्या मिळून करणार. तिच्याबरोबर कामाची अदलाबदल आम्हाला करायचीय.”

बाईंनी भावाकडे पाहिलं. तो फोनवर मावशींचा नंबर आपल्या मुलीला पाठवण्यात गुंतला होता, त्याने वर पाहिलंच नाही.

“बुधवारी किती वाजता येणार ती?” बाईंनी आयाबाईंना विचारलं.